कारंज्याच्या चौफुलीवर खरी रांग किती?

मंडळी, हे वाचनालयाच्या फळ्यावर घाईने लावतो आहे, कारण गोष्ट आज सकाळचीच आहे.

बाजाराच्या दिवशी कारंज्याच्या चौफुलीवर गाड्या किती तुंबतात, ते मोजायला बांधकाम खात्याने मला पाठवले होते. रांग कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, तर बैलगाड्यांसाठी सडकेच्या कडेने वेगळी वाट करायची, असे ठरले आहे. मागच्या बाजारी ट्रकच्या भोंग्याने सखाराम या गाडीवानाचे बैल उधळले आणि त्याचा पाय मोडला.

मी टेप काढला आणि रांगच नाहीशी झाली. साऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजूच्या शेतात उतरल्या.

"चालान करून राह्यले का साहेब?" सखारामची बायको गिरजाबाई बंडीवरून ओरडली. आज बैल तीच हाकत होती.

"नाही बाई. रांग दिसली तरच वाट होईल."

"मंग आंधी नाई सांगाचं? आना रे गाड्या सडकेवर!"

गाड्या परतल्या. पाठोपाठ गावातल्या रिकाम्या बंड्याही मुद्दाम येऊन शेवटी उभ्या राहिल्या.

"या बाजाराला निघालेल्या नाहीत," मी म्हणालो.

"मोजा ना. तुमच्या घरचं काय जाते?"

मी मोजल्या नाहीत. गिरजाबाईने तोंड फिरवले. ट्रक, मोटारी, सायकली वेगळ्या लिहीत मी मागे चालत गेलो. कापसाने भरलेली शेवटची बंडी फाटकाच्या पलीकडे उभी होती.

रिकाम्यांची गरजच पडली नाही. पण ती बंडी फाटकाच्या अलीकडे असती, तर तुम्ही काय केले असते?