दूध-भाकर आणि गुंगीची सुई

सातवीत शाळा सुटली आणि खजुरी सोडून मी बिदरला आलो. नौबादच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात काम लागलं: मी जनावर धरायचं, डॉक्टरसाहेबांनी सुई मारायची. गाव लांब. ही नोकरी गेली तर काय, हे भ्या पोटात कायम.

एकदा चिंताकी गावचा म्हातारा मेंढपाळ आपलं कुत्रं घेऊन आला. महिनाभर ते खाल्लेलं ओकायचं. बरगड्या मोजून घ्याव्यात. साहेबांनी ठरवलं, भूल देऊन तोंडातून दुर्बिणीची नळी पोटात घालायची. संध्याकाळपासून काही चारू नका, असं बजावलं. पण आमच्या भागात माणूस असो की जनावर, उपाशी कुणाला सुईपुढं नेत न्हाईत. रात्री दोघं दवाखान्याच्या ओट्यावरच राहिले, आणि सकाळी म्हाताऱ्यानं दुधात भाकर कुस्करली. त्याच्या तोंडाकडं बघून मला नको म्हणवेना. मीच चारली.

साहेबांनी विचारलं, उपाशी हाय न्हवं? मी व्हय म्हणालो.

त्यांनी आधी गुंगीची सुई दिली. तिनं भीती जाते, भुलीचं औषध कमी लागतं. लांडग्यावर धावणारं ते कुत्रं. आधी कान सैल पडले, मग डोळ्यांवर पांढरा पडदा सरकला आणि जबड्याचं सगळं वजन माझ्या तळहातावर आलं. इतकं कुणी माझ्यावर कधी टाकलं नव्हतं. साहेब भुलीची सुई भरत होते.

"साहेब, त्यानं भाकर खाल्लीय. मीच चारली."

त्यांनी सुई खाली ठेवली. भुलीत ओकलं असतं तर ते श्वासनळीत जाऊन कुत्रं मेलं असतं.

"आधी कामून बोलला न्हाईस? बरं, बोललास तरी. आता गुंगी उतरेपर्यंत इथून हलू नको."

मी दर मिनिटाला कुत्र्याच्या छातीला कान लावत होतो. म्हातारा म्हणाला, तुलाबी ती सुई पायजे बघ.

त्या संध्याकाळी कुत्र्यासंगं म्हाताराही जेवला न्हाई. सकाळी पुन्हा गुंगी, मग भूल, मग नळी. साहेबांनी मला भिंगाला डोळा लावायला सांगितलं. आत उजेड होता. ओल्या, गुलाबी घड्या, नांगरलेल्या रानासारख्या, श्वासासंगं हलणाऱ्या. एवढं सगळं रोज माझ्या हाताखाली असायचं, आणि मला ठाऊक नव्हतं. एका घडीत कातडी पट्ट्याचा तुकडा रुतला होता. साहेबांनी चिमट्यानं तो हळूच ओढून काढला.

दुपारी कुत्र्यानं मान उचलली. म्हातारा भाकरीचं फडकं सोडता सोडता थांबला.

"आता देऊ का रं?"

"थांब अप्पा, साहेबांना विचारून येतो," म्हणालो, आणि पळतच गेलो.