फिनेटने जाळलेली निळी गाडी

फिनेटने लेकाची गाडी जाळली. का, तर म्हणे रंग आवडला नाही. आम्हा फिरस्त्यांच्या कुठल्याही तळावर जा, ही गोष्ट तुम्हाला ऐकायला मिळेल, आणि सांगणारा शेवटी कानशिलापाशी बोट फिरवून दाखवेल. मी तिची पाठची बहीण, मार्गो. चारचौघांत मीही मान डोलावते. पण आतून माझा जळफळाट होतो.

त्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या पो नावाच्या शहरात, दवाखान्यात तिचा नवरा वारला. त्याचं नाव मी घेणार नाही. मेलेल्याला हाक मारली की तो झोपेतून उठतो, आणि उठून बिचाऱ्याने जायचं कुठे? त्याच्या वस्तूही आम्ही ठेवत नाही. त्या दोघांची कॅराव्हॅन, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, त्याच्या भावांनी नदीकाठी नेऊन कपबशांसकट जाळली. त्याची व्हॅन चांगली होती, पांढरी. ती लांब बोर्दोकडच्या एका गाजोला विकली. विटांच्या घरात राहणाऱ्यांना आम्ही गाजो म्हणतो. त्यांना मेलेल्यांचं काही वाटत नाही. आलेले पैसे थडग्याच्या दगडावर लावले. त्यातून पाव विकत घेतलेलाही चालत नाही.

बासील हा तिचा एकुलता एक मुलगा. त्याने स्वतःची गाडी विकून आई, बायको आणि दोन पोरं असे सगळे मावतील अशी जुनी कॅराव्हॅन मिळवली. दोन आसांची, लांबलचक, म्हशीसारखी जड. घर झालं, पण ओढणार कशाने? वसंत लागला होता. आजाँ गावाकडे स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू होणार होती, आणि नगरपालिकेने तळ रिकामा करायला सांगितलं होतं. बाकी सगळ्यांच्या गाड्यांमागे आपापली घरं होती. फिनेटला दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याला लटकून जायचं नव्हतं.

"दीर येऊन ओढून नेतील, मग मी आयुष्यभर त्यांची कॉफी गाळत बसू?" ती म्हणाली. "मला माझी गाडी हवी."

तिला गाडी पसंत पडणं म्हणजे महाकर्मकठीण. सून शोधताना तिने एवढ्या खोडी काढल्या नव्हत्या. बासीलने आधी एक लांब, बुटकी, चकचकीत मोटार आणली. फिनेटने कॅराव्हॅनचा दांडा तिच्या आकड्यावर टेकवायला लावला. मोटारीचं बूड जमिनीला लागलं आणि नाक आभाळात गेलं.

"छान," फिनेट म्हणाली. "रस्ता नाही दिसला तरी ढग दिसतील."

मग आली जीप. तिचं इंजिन तगडं होतं, ओढली असती तिने, पण अंगाने आखूड. फिनेट मागच्या सीटवर नातवंडांना घेऊन बसली आणि गुडघे हनुवटीला टेकवून तिने बासीलकडे पाहिलं.

"अरे, मागचं घर हिच्या दुप्पट आहे. उतारावर कोण कोणाला नेणार? कुत्रं शेपटी हलवेल की शेपटी कुत्र्याला?"

"आई, आता गाडी तूच जन्माला घाल," बासील वैतागून म्हणाला.

"घातली असती रे. तुझ्या वेळी अंदाज चुकला."

आम्ही सगळे हसलो. बासील हसला नाही. बाप गेल्यापासून तो हसतही नव्हता आणि रडतही नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो गडद निळी व्हॅन घेऊन आला. तुलूझहून आणली म्हणाला. सगळा तळ गोळा झाला. माझ्या नवऱ्याने खाली वाकून आकडा पाहिला, आसांवरून हात फिरवला. अंग भारदस्त, चाकांचं अंतर लांब, पाचही जणांना ऐसपैस जागा. दांडा टेकवला तर गाडी जेमतेम बोटभर दबली. फिनेटचा थोरला दीर गास्पार कधी कोणाचं कौतुक करत नाही, आणि तळावर त्याचाच शब्द चालतो. त्यानेही बासीलच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास रे! ही गाडी चर्चसुद्धा ओढून नेईल."

फिनेट खुशीत होती. तिने चक्क ओठांना रंग लावला होता. ती पुढे चालकाशेजारी बसली आणि सीट मागे सरकवायला तिने हात खाली घातला. मी काचेतून बघत होते. तिचा हात खालीच राहिला. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. मग ती सावकाश उतरली आणि म्हणाली, "मला नको ही. रंग आवडला नाही."

लोक फिदीफिदी हसायला लागले. गास्पार म्हणाला, "वहिनी, तुला गाडी हवी आहे की लुगडं?" मलाही संताप आला. पोराने होतं नव्हतं ते ओतलं, आणि हिचे नखरे! असं काय खुपलं हिला ते बघायला मी तणतणत त्याच सीटवर जाऊन बसले, आणि माझाही हात सीटखालच्या कडीकडे गेला.

कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि वरून तांब्याची तार. फिनेटचं बोट तिथे कापलं होतं तेव्हा तिच्या नवऱ्याने ती बांधली होती. मी तिथेच उभी होते, पक्कड माझीच होती.

त्या काळी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकली की नंबराची पाटीही बदलायची. वर निळा रंग. कोण ओळखणार होतं?

मी गाडीतून उतरले. फिनेटने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिने बासीलला हाक मारली, "चल, पाणी आणायला डबे घे." आम्ही तिघं तळाच्या टोकाच्या नळापाशी गेलो. डबा भरत होता तोवर तिने शांतपणे विचारलं, "कुठून आणलीस?"

"सांगितलं ना, तुलूझ."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने पाहिलं नाही. डबा भरून वाहायला लागला.

"मी शोधायला नव्हतो गेलो, आई," तो म्हणाला. "दुसरीच बघायला गेलो होतो. ही तिथे उभी होती. रंग बदलला म्हणून काय झालं, मागच्या दारावरचा पोचा मीच पाडलेला. एक गाजो चालवून बघत होता, शेजारच्या सीटवर कुत्रा बसवून. तुझ्या सीटवर, आई."

"मग?"

"मग मला राहवलं नाही."

"त्याला झोपू दिलं नाहीस तू."

"मी त्याच्याशी बोलत आलो," बासील म्हणाला. "तुलूझपासून इथपर्यंत. सगळं सांगितलं त्याला." आणि हा दाढीमिशीवाला बाप्या नळाला धरून ओक्साबोक्शी रडायला लागला.

मला त्याची कणव आली आणि त्याला झोडावंसंही वाटलं. खरं सांगायचं तर मेलेल्याचाही राग आला. एवढं कसं माणसाने आपल्या माणसांत भरून राहावं? गास्पारला हे कळलं असतं तर बासीलला आमच्या एकाही तळावर थारा मिळाला नसता. चुकून आणली असती तर भोळा म्हणून सोडलं असतं. पण ओळखून, जाणूनबुजून आणलेली? भावांनी त्याच्याकडून पाण्याचा पेलाही घेतला नसता. पोरांशी कोणी सोयरीक केली नसती.

फिनेटने नळ बंद केला. "तोंड धू," ती त्याला म्हणाली. "आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. मार्गो, तूसुद्धा."

ती परत गेली आणि सगळ्यांसमोर किल्ली मागून घेतली. "एकदा चालवून बघते, कोण जाणे, आवडेलही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला गाडी धड चालवता येत नाही. धक्के खात, खडखडत ती तळामागच्या वाळूच्या खाणीत उतरली. थोड्या वेळाने काळा धूर दिसला आणि सगळे धावत सुटले. जनरेटरच्या पेट्रोलचा डबा तिच्या पायाशी रिकामा पडला होता. भुवया होरपळल्या होत्या.

"डोकं फिरलं का तुझं?" गास्पार ओरडला. "पोराच्या घामाची गाडी!"

"रंग आवडला नाही म्हणाले होते ना मी."

"थू तुझ्या तोंडावर! भाऊ असता तर..."

"तो नाही, भावजी. म्हणूनच कोणी अडवलं नाही मला."

बासील पुढे आला. "काका, तिचा काही दोष..." एवढंच बोलला. फिनेटने फाडकन त्याच्या मुस्कटात मारली. आवाज खाणीत घुमला. बायका तिला शिव्या घालायला लागल्या, सुनेने पोरांना तिच्यापासून ओढून लांब नेलं. फिनेट ज्वाळांकडे बघत उभी राहिली आणि ऐकत राहिली. मी जीभ दाताखाली धरली होती. तिच्या शेजारी जाऊन उभंही राहिले नाही, कारण तिने डोळ्यांनीच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. माझ्या नवऱ्याने आमचं घर आजाँला पोचवलं आणि रिकामी व्हॅन घेऊन तो फिनेटचं ओढायला परत आला. कॅराव्हॅन आमच्या गाडीला जरा जडच होती, म्हणून आम्ही रमतगमत चाललो. सून आणि पोरं मागच्या सीटवर झोपली होती. मधल्या सीटवर मी, फिनेट आणि बासील. त्याच्या गालावर अजून वळ होता.

मग फिनेटने खिडकीकडे तोंड करून हळूच विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

"काही नाही, आई. मीच बोलत होतो."

तिने मान हलवली. बाहेर आलुबुखारच्या झाडांना पांढरा बहर आला होता.

"मला आधी सांगायचंस रे," ती म्हणाली. "खाणीत नेताना तो काही बोलेल या भीतीने माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. दोन शब्द मलाही बोलायचे होते."