डब्यामागची दोन अक्षरं

लिलाबाईंच्या मोटारसायकलचा क्लच घसरायला लागला, त्यात थोडा हात माझाही होता. म्हणून ही हकीकत मीच सांगते.

मी मुळशी धरणाच्या कडेला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. राहते पिरंगुटला. रोज सकाळी स्कूटरवर शाळेकडे निघाले की समोरून लिलाबाई येताना दिसतात. शंभर सीसीची जुनी काळी मोटारसायकल, मागे दोरीने करकचून बांधलेली थर्माकोलची पेटी, पेटीत बर्फ आणि मासे. साडी गुडघ्यापाशी आवळून खोचलेली, डोक्यावर हेल्मेट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वळून वळून बघितलं होतं. आता नुसता हात करते.

लिलाबाई कातकरी वाडीतल्या. नवरा बुधाभाऊ धरणात जाळं टाकतात, मासे विकायचं काम यांचं. आधी त्या टोपली घेऊन बसने पिरंगुटच्या बाजाराला जायच्या. बस चुकली की मासे नरम पडायचे. मग मारुंजीत खोल्या भाड्याने देणाऱ्या एका घरमालकाने आपली जुनी गाडी विकायला काढली, ती या दोघांनी घेतली. साठ हजार किलोमीटर पळालेली. बुधाभाऊंनी तिला हातही लावला नाही. म्हणाले, "पान्यात पडलो तर पवता येतं मला. रस्त्यावर पडलो तर काय करू?"

म्हणून लिलाबाई शिकल्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की मोठी सपाट जमीन उघडी पडते. तिथे महिनाभर त्या गाडी घेऊन गोल गोल फिरल्या, पडल्या, उठल्या. जूनच्या आत लायसन काढून आल्या. तेव्हा त्यांचं वय होतं अडतीस.

गाडी घेतल्यावर वर्षभराने हा तेलाचा प्रकार झाला. बुधाभाऊ शनिवार-रविवारी एका रिसॉर्टवर बागकामाला जातात. तिथे कुणी पाहुणा इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा विसरला होता, सीलबंद. महिना गेला तरी कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा मॅनेजरने तो बुधाभाऊंना देऊन टाकला. चांगला चकचकीत सोनेरी डबा. लिलाबाई तो घेऊन शाळेत आल्या. त्यांची मुलगी दीपाली तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात होती.

"बाई, हे वाचा की. माझ्या गाडीला चालंल का?"

लिलाबाईंना आकडे येतात, अक्षरं फारशी येत नाहीत. मी डबा फिरवून पाहिला. इंजिन ऑइल असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. माझ्या भावाच्या कारमध्ये याच जातीचं तेल घालतात, तेही मला माहीत होतं.

"चालेल की," मी म्हणाले. "उलट फार भारीतलं आहे. कारमध्ये घालतात हे."

कारमध्ये घालतात, हेच खरं तर कान टवकारायचं कारण होतं. पण मला कुठे ठाऊक?

बाजाराच्या रस्त्यावर पप्पूचं गॅरेज आहे. त्याने जुनं तेल काढून हे नवं भरलं. त्यानेही डब्याकडे नीट पाहिलं नाही. पहिले काही दिवस गाडी झक्क पळाली. "लई गुळगुळीत चालतीया," असं लिलाबाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलंसुद्धा.

दहाव्या-बाराव्या दिवशी वाटेतल्या मोठ्या चढावर गाडी अडखळली. ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन मोठ्याने ओरडायचं, पण चाक काही जोर घेईना. पेटीत पंधरा किलो मासे. लिलाबाई खाली उतरल्या आणि गाडी ढकलत चढ चढल्या. बाजारात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं.

पप्पूने क्लचची तार आवळून दिली. दोन दिवसांनी तेच. मग त्याने क्लचप्लेटा नव्या टाकल्या. आठवडा बरा गेला, आणि पुन्हा त्याच चढावर तोच ओरडा.

"मावशी, वजन लई घेता तुमी," पप्पू म्हणाला. "आन गाडीबी थकलीया. इंजिन खोलण्यात अर्थ न्हाई. इकून टाका."

 दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी लिलाबाई मला म्हणाल्या, "बाई, वजन मी आधीपास्नं तेवढंच नेतीया. चढ बी तोच. बदललं काय? फकस्त तेल. प्लेटा नव्या टाकल्या तरी पुन्हा तसंच. मग दुखणं प्लेटांत न्हाई, तेलात हाय."

"एवढ्या महागाच्या तेलाने कसं बिघडेल?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती.

त्या आठवड्यात दोन दिवस त्यांना बाजाराला जाताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टेम्पोतून मासे घेऊन गेल्या, तेव्हा त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक हैबतराव पिशवी घेऊन उभेच होते. हैबतराव पिरंगुटच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर तीस वर्षं होते, आता घरी असतात. बुधवारी त्यांना चिलापी लागते.

"दोन दिस कुटं होता?" त्यांनी विचारलं.

लिलाबाईंनी माशाची खवलं काढता काढता सगळं सांगितलं. हैबतरावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "डबा ठिवलाय का टाकला?"

"ठिवलाय. मिठाला घेतला असता, पन वास जाईना."

"उद्या घिऊन या. आन गाडी सावकाश चालवत आना. पेटी नको."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर मनाला लागून राहिलं होतं. हैबतरावांच्या अंगणात त्यांची स्वतःची मोटारसायकल उभी होती, सव्वीस वर्षांची, पुसून लखलखीत. त्यांनी चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचली आणि डबा खाली ठेवला.

"तुमचं बराबर हाय, लिलाबाई. ह्ये कारचं तेल. वाईट न्हाई, पन तुमच्या गाडीचं न्हाई."

मग त्यांनी एक जुनी क्लचप्लेट आणून लिलाबाईंच्या हातात दिली. "कारचा क्लच वेगळा असतो, कोरडा. इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध न्हाई. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतुया. कारच्या ह्या तेलात घर्षण कमी करायचं औषध घातलंय. इंजिनाला ते बरं वाटतं. पन ह्या प्लेटांनी एकमेकींला घट्ट धरायचं असतं. त्या घसरल्या की चाकाला जोर कुठनं मिळनार?"

लिलाबाईंनी प्लेट बोटांनी चाचपली. "म्हंजी मरळ हातात धरावी आन निसटावी, तसं."

"अगदी तसं."

मी म्हणाले, "चूक माझी आहे. मीच चालेल म्हणून सांगितलं."

लिलाबाई माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "तुमी पुढचं वाचलं, बाई. ह्यांनी मागचं वाचलं." राग नव्हता त्यात. मला मात्र ते अजून आठवतं.

हैबतरावांनी काम स्वतः केलं नाही. पाना लिलाबाईंच्या हातात दिला. आधी गाडी दहा मिनिटं चालवून आणायला लावली, कारण तेल गरम असलं की तळाची घाण घेऊन उतरतं. मग गाडी मधल्या स्टँडवर, खाली पसरट भांडं. लिलाबाईंनी तळाचा नट सोडला. तेल धार धरून उतरलं. हैबतरावांनी दोन बोटांत घेऊन उन्हात धरलं.

"चमक दिसते का? धातूचा चुरा?"

"न्हाई."

"मग इंजिन ठणठणीत हाय. कोन म्हनलं थकलंय म्हनून?"

नट परत लावताना त्या सगळा जोर लावायला निघाल्या, तेव्हा हैबतरावांनी हात धरला. हाताने बसेल तेवढा बसवायचा, मग पान्याने थोडासाच आवळायचा. आटे गेले तर मोठं काम निघतं. वॉशर नवा. नवं तेल त्यांनी स्वतःच्या फळीवरून दिलं आणि बजावलं, "ह्येबी पाचशे किलोमीटरवर काढून टाका. प्लेटांत मुरलेलं कारचं तेल ह्याच्यासंगं निघून जाईल. पुन्हा ताजं भरा. तवर पेटी अर्धी."

पहिल्या दिवशी चढावर गाडी पुन्हा ओरडली. कमी, पण ओरडली. लिलाबाईंनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. चौथ्या दिवशी तेच. मला वाटलं, गेली गाडी. त्यांनी मात्र पाचशे किलोमीटर मोजून पूर्ण केले, अर्ध्या पेटीवर धंदा करत, आणि एका रविवारी वाडीत स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा तेल बदललं. बुधाभाऊ भांडं धरून बसले होते.

सोमवारी सकाळी मी शाळेकडे जात होते. समोरून त्या चढ चढत येत होत्या, पेटी पूर्ण भरलेली. आवाज एकसारखा, खर्जातला. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या नाहीत, कारण चढावर थांबायचं नसतं. नुसती मान उडवली. मी स्कूटर बाजूला घेऊन त्या वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

त्यानंतर लिलाबाईंनी गाडीची निगा मनावर घेतली. दर अडीच हजार किलोमीटरला तेल, म्हणजे त्यांच्या फेऱ्यांच्या हिशोबाने साधारण दोन महिन्यांनी. मीटरवरचा आकडा घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायच्या. दर रविवारी गाडी सपाटीला उभी करून तेलाची पातळी बघायची, साखळी पुसून तिला तेल द्यायचं, हवेची जाळी झाडायची. कच्च्या रस्त्याची धूळ इंजिनात गेली तर चांगलं तेलही काय करणार, हे त्यांना हैबतरावांनी सांगितलं होतं.

अक्षरांचं काम माझ्याकडे आलं. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यामागे एका छोट्या चौकटीत इंग्रजी एम आणि ए असतात. ओला क्लच चालतो याची ती खूण. मी पुठ्ठ्यावर ती दोन अक्षरं मोठी काढून दिली, शेजारी तेलाच्या दाटपणाचा आकडा, दहा डब्ल्यू तीस. दीपालीने आईकडून ती आठ दिवस गिरवून घेतली. पुढे एकदा दुकानदाराने दुसराच डबा पुढे केला आणि "सगळी तेलं सारखीच" म्हणाला. लिलाबाईंनी डबा उलटा करून पाहिला आणि परत सरकवला.

"हितं एम ए न्हाई. दुसरं दावा."

जुन्या तेलाचं काय करायचं, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही. गॅरेजमागच्या ओढ्यावर तेलाचे रंग तरंगताना त्यांनी पाहिले होते. "ते पानी शेवटी नदीलाच जातंय. तितं मासं हायेत," त्या म्हणाल्या. त्या जुनं तेल कॅनमध्ये भरतात आणि कॅन भरला की हैबतरावांकडे देतात. त्यांच्या जुन्या कारखान्यात असं तेल गोळा करून नेणारी गाडी येते.

हळूहळू वाडीतले बाकीचे लोकही गाड्या घेऊन त्यांच्या अंगणात यायला लागले. वाडीत आता सहा मोटारसायकली आहेत. सगळ्यांचं तेल लिलाबाई बदलतात, आधी ते उन्हात धरून बघतात. एकाच्या तेलात त्यांना चमक दिसली. त्यांनी त्याला तसाच हैबतरावांकडे पाठवला. इंजिन वेळेत उघडलं म्हणून थोडक्यात निभावलं.

गेल्या हिवाळ्यात पप्पूही आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मावशी, तुमी डब्यामागं काय बघता, ते मला दावा की. परवा एका गिऱ्हाइकाचा क्लच तसाच घसरला."

लिलाबाईंनी पुठ्ठा आणून दाखवला. मग म्हणाल्या, "फोटू काढून घे. आन ओढ्यात तेल सोडू नगंस."

"न्हाई सोडत," तो म्हणाला. आता त्याच्या गॅरेजमागेही एक निळं पिंप दिसतं.

मला वाटलं होतं, यातलं मला सगळं कळलं. परवा मी माझ्या स्कूटरसाठी तेलाचा डबा घेतला, मोठ्या हुशारीने एम ए बघून, आणि लिलाबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट फिरवला.

"चालंल, पन तुमच्या गाडीला गरज न्हाई त्याची," त्या म्हणाल्या. "स्कूटरचा क्लच कोरडा असतुया. तुमाला एम बी घ्यायचं. हैबतरावांनी सांगितलंय मला." आणि मग, चौथीतल्या मुलाला विचारावं तसं, "मागचं तेल कितीवर बदललं हुतं?"

मी वाकून स्कूटरच्या मीटरकडे बघायला लागले.

बुधाभाऊंची धाकटी बहीण साधना या उन्हाळ्यात वाडीला आली आहे. तिलाही मासे घेऊन जायचंय, मारुंजीकडे, तिथल्या सोसायट्यांमध्ये गिऱ्हाईक आहे म्हणते. पाणी मागे हटलंय, जमीन उघडी पडलीय. संध्याकाळी शाळेतून निघताना मला त्या दोघी दिसतात. साधना गाडीवर, लिलाबाई शेजारून चालतायत, एक हात हँडलजवळ. गाडी झटका घेऊन बंद पडते. लिलाबाई काहीतरी सांगतात, साधना मान हलवते आणि पुन्हा किक मारते.