विहिरीचा प्रश्न
वाळल्या कडब्याचा वास आला की मोरगावच्या शाळेतली ती तोंडी परीक्षा आठवते. खिडकीलगतच कडब्याची गंज होती. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तो अलंकार चेतनगुणोक्ती; त्याचं मी प्रत्येकाकडून स्वतःचं उदाहरण घेत होते. वडील गेल्यापासून वर्गात एक शब्दही न बोललेली मुलगी उभी राहिली. "बाई, आमची हीर बोलती," ती म्हणाली. "आई पाणी बघाय वाकली, की खालनं इचारती, 'मालक कुठं हायती?'" "मग आई काय म्हणते?" मी हळूच विचारलं. "म्हणती, 'रानात गेल्यात, येतील.'" तो अलंकार मी आजही शिकवते, पण उदाहरण मागताना माझा आवाज आपोआप खाली येतो.