प्लॅटफॉर्मवर मांडलेला विमानतळ

माझी मावशी बॅग उचलते आणि वजन सांगते. आमच्या शहराच्या विमानतळावर सामान घेण्याच्या काउंटरवर तिला तेवीस वर्षं झाली. काटा बिघडतो, बाई बिघडत नाहीत, असं तिथले लोडर म्हणतात. त्यांनी तिला घरी पाहिलेलं नाही.

राजधानीची वेगवान गाडी सुरू झाली आणि चार तासांचा प्रवास सव्वा तासावर आला. राजधानीचं विमान महिन्याभरात बंद पडलं. निम्मा स्टाफ स्टेशनवर नोकरीला लागला, त्यात मीही. मावशीने माझ्याशी अबोला धरला. आता परदेशी जाणारं एकच विमान उरलं होतं, तेही अर्धं रिकामं. ते बंद झालं की विमानतळाला कुलूप.

पण हातपाय गाळून बसेल ती मावशी कसली! राजधानीतल्या माणसाला तिथल्याच विमानतळावर पोचायला दोन तास लागतात, वर रांगा वेगळ्याच. गाडीने तो आपल्याकडे आधी पोचेल. त्याचं सामान प्लॅटफॉर्मवरच घेतलं तर? तिने मुख्य कार्यालयाला अकरा पत्रं लिहिली. शेवटी वैतागून एक साहेब स्वतःच गाडीने आले, पुढे आमच्याच विमानाने जायला.

प्लॅटफॉर्मवर टेबल मांडून मावशी तयार होती. तिने साहेबांची बॅग उचलली.

"साडेसोळा. दीड किलो जास्त आहे, काढा."

"अहो बाई, मी कोण आहे माहितीये ना?"

"माहितीये की. तुमच्या सहीवर माझा विमानतळ आहे. तरी दीड किलो जास्तच."

गेलं सगळं, असंच मला वाटलं. साहेबांनी गुपचूप जाड कोट काढून भर उन्हात अंगात चढवला, दोन पुस्तकं काखेत मारली. मावशीने बॅग पुन्हा उचलली. "आता पंधरा."

बसने बारा मिनिटांत विमानतळ आला. तिथे साहेबांनी बॅग मुद्दाम काट्यावर ठेवायला लावली. बरोबर पंधरा! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सही झाली. आता विमान भरून जातं आणि त्यात निम्मी माणसं राजधानीचीच असतात. प्लॅटफॉर्मवरचं टेबल मावशीनेच सांभाळावं, असा साहेबांचा आग्रह होता.

"मी माझ्या विमानतळावरून हलणार नाही," ती त्यांना म्हणाली. "स्टेशनवर माझी भाची आहे. तिच्यासारखी दुसरी शोधून सापडायची नाही."

हे मला साहेबांकडून कळलं. मला मावशी एवढंच म्हणाली, "उद्या सहाला ये. शिकायचंय तुला."

मी साडेपाचलाच जाऊन उभी राहिले.