न झालेला अपघात

“मेजर नका म्हणू ताई. मेजरसाहेबांना मी वाढायचो.”

दुकानाच्या पायरीशी चपला काढता काढता ते हे म्हणायचे आणि आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत अगदी कडेला बसायचे. कुणी उठा म्हणालंच तर लगेच उठता यावं, अशा बेताने. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, एसटीतून उतरला की मेजर. तुमच्याही गावात असे दोन-चार मेजर असतील. बाकीच्यांना ते आवडतं, यांना अवघडल्यासारखं व्हायचं. तरी आम्ही सगळे मेजरच म्हणत राहिलो, आणि मी इथेही तेच म्हणणार आहे.

माझं घोडेगावला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. सातबारा, दाखले, रेशनकार्डातून गळलेली नावं, आधारवरची चुकलेली जन्मतारीख. दिवसभर माणसं चुका घेऊन येतात. चूक केलेली असते भलत्याच कुणीतरी, आणि हेलपाटे ज्याचं नाव चुकलं त्याच्या नशिबी. हे बघून बघून माणूस थकतो. आधी राग येतो, मग तोही येईनासा होतो. मेजर पहिल्यांदा आले तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांच्या हातातलं फौजेचं डिस्चार्ज बुक पाहून मनात म्हटलं, आडनावाचं स्पेलिंग चुकलं असेल.

स्पेलिंग ठीक होतं. मेजर फौजेत आचारी होते. पलटणीचं जे मोठं सैपाकघर असतं, ज्याला ते लंगर म्हणायचे, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. आणि डिस्चार्ज बुकात कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, ड्रायव्हर. त्याच्या पुढे कामाचा नंबर असतो, तोही ड्रायव्हरचाच. निवृत्तीच्या दिवशी सही करताना त्यांनी ते वाचलं नव्हतं. इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि घरी यायच्या गाडीची वेळ झाली होती.

मी विचारलं, पेन्शन अडलंय का? नाही म्हणाले. मग राहू द्या की, मी म्हटलं. ड्रायव्हर काय वाईट आहे? उलट आचाऱ्यापेक्षा वजनदार वाटतं.

त्यांनी डिस्चार्ज बुक मिटलं. मग म्हणाले, “ताई, माज्या हातून माणसं मेली असं लोक म्हणत्यात.”

ते कसं झालं, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं आणि नंतरही अनेकदा. सांगताना त्यांना हसू यायचं.

निवृत्त होऊन आल्यावर एका कारखान्यातून त्यांना बोलावणं आलं. माजी सैनिकांची राखीव जागा होती. मेजरना वाटलं, कँटीनमध्ये माणूस हवा असेल. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आवारात ट्रक उभा होता. तिथला साहेब म्हणाला, चढा. मेजर चढले, पण क्लीनरच्या बाजूने. साहेब म्हणाला, इकडून. मेजर उतरले, वळसा घालून आले आणि स्टिअरिंगसमोर बसले. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. त्यांचे हात थरथरायला लागले. “साहेब, मला नाय जमायचं,” एवढंच म्हणून ते खाली उतरले आणि तिथून निघाले.

गोष्ट तिथेच संपायची. पण त्याच रांगेत मेजरांच्या गावाखालच्या तळेघरच्या बाजूचा आणखी एक माजी सैनिक उभा होता. कागदावर ड्रायव्हर असलेला माणूस स्टिअरिंगसमोर बसला आणि कापायला लागला, एवढंच त्याने पाहिलं. त्याने त्याचा अर्थ लावला. वाईट मनाने नव्हे, कळवळ्यानेच. थोड्याच दिवसांत बातमी डोंगर चढून मेजरांच्या गावात पोचली. मेजरनी वर सरहद्दीवर बर्फात गाडी उलटवली, आत जवान होते, एकही वाचला नाही. जवान किती, हे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं.

मेजरना मात्र यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. लोक फक्त त्यांच्याशी जरा मऊ वागायला लागले. जीपमध्ये त्यांना पुढे बसवत नसत. घाटातलं वळण आलं की शेजारचा माणूस उगाच भाताचा विषय काढायचा. मेजरना वाटायचं, फौजेत होतो म्हणून लोक मान देतात.

उलगडा झाला तो मुलीच्या लग्नाच्या बोलणीत. डिंगोऱ्याकडचं स्थळ होतं. सगळं ठरलं, पान-सुपारी झाली, आणि मुलाच्या चुलत्याने मेजरना बाजूला घेऊन पाठीवर हात ठेवला. झालं गेलं मनातून काढा, तो म्हणाला, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं असंल. आमच्या मनात काय नाय. मेजरना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी सांगून पाहिलं, अहो मी आचारी होतो. चुलत्याने मान हलवली आणि आणखी प्रेमाने पाठ थोपटली.

“शिव्या दिल्या आसत्या तर भांडलो आसतो,” मेजर मला म्हणाले. “त्यांनी माफच करून टाकलं. आता कुनाशी भांडू?”

लग्न झालं, मुलगी सुखात आहे. पण त्या दिवसापासून मेजर डिस्चार्ज बुक पिशवीत घालून फिरायला लागले आणि फिरत फिरत माझ्याकडे आले.

मग आमचे अर्ज सुरू झाले. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, पत्राला स्मरणपत्र, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. उत्तर यायचं ते एकच: उपलब्ध नोंदीप्रमाणे आपण ड्रायव्हर आहात. मेजर गावातून खाली चालत यायचे, तळेघरला एसटी मिळाली तर मिळाली, आणि मी ते उत्तर वाचून दाखवायचे. ते ऐकायचे आणि म्हणायचे, “बरं. मग पुन्हा लिव्हा.” आवाजात तक्रार नसायची. ऑफिसमधल्या माणसालाही कामं असतील, असं वर मलाच समजवायचे. कधी माझ्या टेबलावर माझा डबा तसाच पडलेला दिसला की अर्ज बाजूला सारायचे. आधी जेवा, मी कुठं पळून चाललोय.

एकदा मेजरांबरोबर त्यांची बायको आली होती. गुडघ्यासाठी दवाखान्यात आली होती, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून दुकानात टेकली. अबोल बाई. मी टाइप करता करता सहज विचारलं, काकी, मेजरांच्या हातचं काय काय खाल्लंत?

“चहा बी न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मेजर बाहेर पाणी प्यायला गेले होते. त्या खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, “तुमी लिव्हता ते लिव्हा ताई. त्यांच्या मनाला बरं वाटतंय. पर मला सगळं ठाव हाय. आचारी आसते तर घरात कदी चुलीला हात लावला आसता. लावला न्हाई. मी कदी इचारलं न्हाई त्यांना. शिवरात्रीला भीमाशंकरला जाते तवा त्या पोरांच्या नावानं दिवा लावते. गप लावते.”

मेजर पाण्याची बाटली घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

मी टाइप करायचं थांबवलं. ते आत आले, नेहमीसारखे खुर्चीच्या कडेला बसले. सगळ्या तालुक्याला पटवायला निघालेला माणूस, आणि घरातच कुणाला पटलेलं नव्हतं.

“अगं, मला दोन माणसाचा अंदाजच येत नाय,” ते म्हणाले. “मीठ टाकायचो ते वगराळ्यानं. घरात काय करनार?” मग माझ्याकडे न बघता, “आनि खरं सांगू का. सगळी नोकरी दुसऱ्याला वाढन्यात गेली. रजेवर आलो की तू वाढायचीस. तवाच ठरवलं व्हतं, सुटलो की तुज्या हातचं खायाचं. म्हनून नाय लावला हात.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं. खरं हाय का, त्यांनी मला विचारलं. अर्ज मी लिहिते म्हणजे मला माहीत असणार, असं त्यांना वाटत असावं. मी तरी लंगर कुठे पाहिला होता? पण मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

“मग ते दिवे?” त्या मेजरना म्हणाल्या.

“लागले आसतील कुनाच्या तरी कामी,” मेजर म्हणाले. “वर पोरं गेलीच की. सकाळी माज्याकडनं पुऱ्या बांधून घेऊन गेलेली दोघं एकदा माघारी आली न्हाईत. माज्या हातनं नाय गेली. पर गेली.”

हे त्यांनी मला इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं. काकींनाही नसावं. त्या उठल्या, मेजरांच्या हातातली बाटली घेतली, आणि गाडीची वेळ झाली म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसमधून एका क्लार्कचा फोन आला. त्याचाही आवाज माझ्यासारखाच दमलेला. त्याला जुन्या यादीत सापडलं होतं की त्याच पलटणीत याच नावाचा, याच आडनावाचा दुसरा एक शिपाई होता, आणि ड्रायव्हर तो होता. मी मेजरना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. “तो व्हय? त्याला खिचडी लई आवडायची. दोनदा यायचा ताट घेऊन.” दुसऱ्याच्या नावाचं ओझं इतकी वर्षं वाहिलं, पण त्या माणसाबद्दल वाकडा शब्द नाही.

दुरुस्तीचं पत्र आलं. ड्रायव्हर खोडून आचारी, पुढचा नंबरही बदललेला. मेजरनी माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि एक झेरॉक्स काढायला सांगितली. ती घेऊन ते डिंगोऱ्याला गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले चुलते?

“वाचलं त्यांनी. मग म्हनले, कागदाचं काय घेऊन बसलात, तुमचं मन साफ हाय ना, झालं तर.” मेजरनी कपाळावरचा घाम पुसला. “मी म्हटलं बरं. काय बोलनार.”

मग त्यांचं माझ्याकडे काही काम उरलं नाही. बाजाराला आले की पायरीवरून विचारपूस करून जायचे. आत बसायचे नाहीत, तुमची गिऱ्हाइकं खोळंबत्यात म्हणायचे. भाताच्या कापणीच्या दिवसांत ते गेले. बांधावर बसले आणि बसले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या गावच्या जीपवाल्याने सांगितलं.

मी दहाव्याला गेले. आमच्याकडे दशक्रियेला नदीवर माईक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात, ते तुम्हाला माहीत असेल. दोघेतिघे बोलले. मग एक पुढारी उभे राहिले. देशसेवेबद्दल बोलले, आणि आवाज खाली आणून म्हणाले की फौजेत असताना त्यांच्या हातून जो दुर्दैवी अपघात घडला, त्याचं दुःख या माणसाने शेवटपर्यंत कुणाला दाखवलं नाही. लोकांनी माना खाली घातल्या. डिंगोऱ्याच्या चुलत्यांनी डोळे पुसले.

काकी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, “आचारी व्हते ते.”

पुढारी थांबले. काकी काय म्हणतात, असं त्यांनी कुणाला तरी विचारलं.

“आचारी व्हते,” काकी पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने. “गाडी येत नव्हती त्यांना.”

जवळच्या एका बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं कुणीतरी पुटपुटलं. पुढाऱ्यांनी घसा साफ केला आणि ते पुन्हा देशसेवेकडे वळले.

मी उठून काकींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला.

“नीट सांगितलं ना मी?” त्यांनी विचारलं.

सांगितलंत, मी म्हटलं. समोर भाषण चालूच होतं.