लाल कॅलिपर

राग मला पटकन येतो आणि हमखास चुकीच्या माणसावर येतो. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मला कळायला आमच्या जुन्या जीपचा ब्रेक फुसका व्हावा लागला.

जीप बाबाची. सारसोळ्यातल्या आमच्या बोळात तो ती आरशात न बघता वळवायचा. दर रविवारी सकाळी जेट्टीवरून ताजी मासळी घ्यायची आणि न्हावा शेव्याच्या बाजूला राहणाऱ्या बहिणीकडे जायचं, हा त्याचा नेम. आत्या एकटी, गुडघ्यांनी घरात बसलेली. जीपचा आवाज आला की ती तवा ठेवायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला अवदसा आठवली. पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती आवळून धरणारे ते लोखंडी चिमटे, लाल रंगवले की गाडी कशी झकास दिसते हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. पूजेच्या गाडीला एवढं तरी हवंच! दोन्ही उघडले, रंगवले, वाळवले, परत बसवले. बाबा आत बसून पेडल दाबत होता आणि मी खाली निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडून ब्रेकच्या तेलातली हवा काढत होतो. दसऱ्याला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, हळद-कुंकू, फोटो, सगळं झालं.

दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाला, "बरेक फुसका झालाय. पाय आतच जातो."

"बसेल दोन दिवसांत," मी म्हणालो.

तो कसला बसतोय! नेरुळच्या गॅरेजवाल्याने विचारलं, "घरी कोणी उघडला होता का?" मी म्हणालो, "छे, कोणी हात पण नाय लावला." घरी उघडला म्हटलं की हे लोक असं हसतात की तळपायाची आग मस्तकात जाते. बाजूला उभ्या असलेल्या बाबाने तोंड उघडलं, तर मीच म्हणालो, "बाबा, तू गप बस. तुला यातलं काय कळतं?"

त्या माणसाने हवा काढली. पेडल होतं तसंच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर बदलला, पुन्हा हवा काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडी ओके आहे. काकांचं वय झालं, पाय कमी पडतो." आणि मला ते पटलं, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो. मी चालवताना नकळत पेडल दोनदा मारायचो आणि गाडी थांबायची. बाबा चाळीस वर्षांच्या सवयीने एकदाच दाबायचा.

मग एका रविवारी बाबा चालवत होता, मी शेजारी, आणि पामबीचच्या सिग्नलला जीप पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. इजा कोणाला नाही, नुसता दिवा फुटला. रिक्षावालाच म्हणत होता, जाऊ द्या, मोठे आहेत. मी जाऊ दिलं नाही. भर रस्त्यात ओरडलो, "पायात जोर नाय तर चालवतोस कशाला? एक दिवस कोणाला तरी मारशील!" आणि त्याच्या हातातून चावी काढून घेतली.

त्यानंतरचे रविवार बाबा दारात बसून काढायचा. आत्या फोनवर विचारायची, भावाला बरं नाही का? मी सांगायचो, पाय दुखतो.

मग एकदा मी त्याला घेऊन उरण रोडला गेलो. पुढच्या कंटेनरने करकचून ब्रेक मारला आणि मी तीन-तीनदा पेडल मारूनही जीप त्याच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. माझं डोकंच फिरलं. त्या दोन्ही गॅरेजवाल्यांना शिव्या घालतच मी जीप सानपाड्याला नेली.

तिथला मिस्त्री म्हातारा, मराठवाड्याकडचा. त्याने हवा काढलीच नाही. पुढच्या दोन्ही चाकांकडे जाणारे रबरी पाइप फडक्यात धरून क्लॅम्पने दाबले आणि म्हणाला, "दाबा." पेडल दगडासारखं! "मागचं चांगलंय. रोग पुढं हाय." एक क्लॅम्प सोडला तर पेडल निम्मं खाली गेलं, दुसरा सोडला तर पार तळाला. तो टॉर्च घेऊन वाकला.

"हे कुणी बसवलं?"

"त्या गॅरेजवाल्यांनी! काडीची अक्कल नाय कोणाला."

माझी बडबड संपेपर्यंत तो थांबला. "डावं उजवीकडं अन् उजवं डावीकडं बसवलंय. हवा काढायचं निपल खाली आलंय. हवा वर बसती, खालून निघंल का कधी?" त्याने नखाने लाल रंगाचा पोपडा उचलला. "अन् गॅरेजवाला बरेकला कशाला रंग दील?"

मी मागे पाहिलं. बाबा रस्त्याकडे बघत होता. इतके दिवस त्याने एका शब्दाने मला खोटं पाडलं नव्हतं. त्या क्षणी मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

मिस्त्रीने कॅलिपर अदलाबदल केले, हवा काढली. पेडल एका दाबात घट्ट. मी चावी बाबापुढे धरली. "चालव. आत्याकडे जाऊ."

त्याने डाव्या बाजूचं दार उघडलं. "तूच चालव. माज्या पायात जोर नाय."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला ते खरंच वाटत होतं.

न्हावा शेव्यापर्यंत मी सवयीने प्रत्येक सिग्नलला पेडल दोनदा मारत होतो. शेजारी त्याचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. एकदाच, अगदी वेळेवर.